रेषा कोण आखतं? भाग ४ : राणीसावरगावचा मतदारसंघ आणि फडावरची माणसं

मागच्या भागात टेक्सास पाहिलं. तिथे २०२५ मध्ये विधिमंडळातल्या सत्ताधारी पक्षानेच अमेरिकी संसदेचे मतदारसंघ नव्याने आखले, आणि आपल्या पाच जागा वाढाव्यात हा हेतू लपवलाही नाही. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोगाचं. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य असतात. बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आयोगाचा आदेश निघाला की घटनेच्या ३२९व्या कलमामुळे कोर्टाचं दारही जवळपास बंदच.

म्हणून आपल्याकडे राजकारण नसतं असं नाही. ते आकड्यांत असतं.

गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं राणीसावरगाव घ्या. गंगाखेड मतदारसंघ पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. शेकापचे ज्ञानोबा गायकवाड इथून अनेकदा निवडून आले. न्या. कुलदीप सिंग आयोगाचा नकाशा २००८ मध्ये लागू झाला आणि गंगाखेड खुला झाला. गंगाखेड, पालम, पूर्णा हे तीन तालुके एकत्र आले. शेजारचा सिंगणापूर मतदारसंघ तर नकाशातूनच गेला. विधानसभा मतदारसंघाने जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, असा दंडक पाळला गेला. लोकसभेला तो लागू नव्हता, म्हणून परभणीच्या खासदाराला जालना जिल्ह्यातल्या परतूर, घनसावंगीतही मतं मागावी लागतात.

सिंगणापूर का गेला? राज्याच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, वाटणी मात्र २००१च्या लोकसंख्येवर झाली. ठाणे जिल्ह्याच्या (पालघर तेव्हा त्यातच) १३ जागांच्या २४ झाल्या. वाढीव जागा कुठून तरी काढायच्याच होत्या.

आता पुढची फेरी. ८४व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. ही जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे, म्हणजे घरोघरची मोजणी फेब्रुवारीत. त्या महिन्यात या डोंगरपट्ट्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेऊन जोडपी दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. जनगणनेची आजवरची रीत अशी, की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नसतो त्याला घरी मोजत नाहीत. जिथे सापडेल तिथे मोजतात. राणीसावरगावचा कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, फडाशेजारच्या कोपीत मोजलं गेलं, की ते कारखान्याच्या जिल्ह्याच्या हिशेबात जातं.

एका गावाने जागा हलत नाही, हे मान्य. पण परभणी, बीड, जालन्याच्या अशा गावांची बेरीज केली तर मराठवाड्याचं पारडं किती हलकं होईल, याचा हिशेब आपल्या पुढाऱ्यांनी कधी मांडलेला माझ्या वाचनात नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या मतदानाच्या वेळीही हंगाम तोंडावरच होता. मतदानासाठी फडावरून माणसं आणायला गाड्या पाठवण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. मोजणीसाठी अशी गाडी निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आयोगाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवतात, जाहीर सुनावणीही होते. मात्र तिथे तालुका कुठे जोडायचा यावर भांडता येतं, जनगणनेच्या आकड्यावर नाही. आकड्याबद्दल बोलायचं असेल तर ते प्रगणक दारात येण्याआधीच बोलायला हवं.

(पुढील भागात : जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण)