शिसे, काडतूस आणि उसातला बिबट्या

शिरूर-दौंडकडे बिबट्याने माणूस मारल्याची बातमी आली की एक मागणी हमखास उठते: शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या. तिच्यामागची भीती खरी आहे. रात्री पाण्याच्या पाळीला उसात उतरणाऱ्याला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. पण परवाना मिळालाच, तर त्या नळीत घालायचं काय, याची चर्चा फारशी होत नाही. या मुलखात शस्त्राचं आणि जनावराचं नातं कसं बदलत गेलं हे पाहू लागलो, तेव्हा मला हा प्रश्नच मोलाचा वाटला. इथे काडतूस जनावर पाहून निवडलं गेलंच नाही. ते कायद्याने ठरवलं, आणि दुकानात काय मिळतं त्यावरून ठरलं.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हत्यारांवर लगाम घातला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने तो पक्का केला. खेड्यात उरली ती मुख्यतः ठासणीची बंदूक. वरून दारू ठासायची, मग छर्रे, नाहीतर साच्यात ओतलेली मऊ शिशाची गोळी. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या कायद्यानेही शेतकऱ्यापुढे तीच चाकोरी ठेवली: संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि पीक राखायला ठासणीची. बारा बोअरच्या बंदुकीत एस.जी. आणि एल.जी. छऱ्यांची काडतुसं. हे सामान फार लांबून येत होतं असंही नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या वेशीवर आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. बंदूक ही वस्तू या भागाला अनोळखी कधी नव्हती.

अनोळखी होता तो बिबट्या. कुरकुंभच्या फिरंगाईच्या डोंगरावरून पाहिलं तर खाली पसरलेला मुलूख मुळात माळरानाचा. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड ही इथली जनावरं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य त्या माळाचा जेमतेम ५ चौरस किलोमीटरचा तुकडा राखून आहे. मेंढपाळ लांडग्यापुढे काठी आणि कुत्री घेऊन उभा राहत आला आणि ते पुरतही आलं.

मग पाणी आलं. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला घोड आणि चासकमान, उत्तरेला कुकडी प्रकल्पाची धरणं. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा असे साखर कारखाने आले. ऊस वर्षभर उभा असतो. त्यात सावली, पाणी, डुक्कर, कुत्री, सगळं आहे. बिबट्याची मादी उसातच विते, आणि त्या पिल्लांना उसाखेरीज दुसरं घर माहीत नसतं.

आता गोळीकडे येतो. अमेरिकेत रानात फिरणारे कमरेच्या पिस्तुलासाठी ‘हार्ड कास्ट’ गोळी निवडतात. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती टणक केलेली असते. आपल्या जुन्या छापखान्यांतले खिळे याच तीन धातूंचे होते. लायनोटाइपच्या मिश्रणात सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास, तर या मिश्रणाचा २२ च्या घरात. अशी गोळी अंगात शिरल्यावर पसरत नाही, हाड फोडून सरळ आत जाते. चवताळलेलं अस्वल समोरून येत असेल तर तिथे खोलीच हवी असते. १९५५ साली आलेलं .४४ मॅग्नम काडतूस या कामासाठी नावाजलेलं आहे. त्या रानात ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, आणि मला ती पटते.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने .३२ चं. त्याचं काडतूस १८९६ च्या घडणीचं आणि त्याचा जोर .४४ मॅग्नमच्या आठव्या हिश्शाइतका. त्यात कितीही टणक गोळी भरली तरी तो जोर वाढत नाही. उलट बिबट्या पडला पन्नास-साठ किलोचा, पातळ कातडीचा. जोरदार काडतुसातली टणक गोळी त्याच्या आरपार जाऊन पुढे निघेल. उसाच्या फडात पुढे काय असतं? कोयता चालवणारी बाई, बैलजोडी, पाचटावर झोपवलेलं लेकरू. उसात पाच फुटांपलीकडचं दिसत नाही, तिथे नेम कशावर धरायचा? शिवाय बिबट्या बहुधा मागून येतो, वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर, लहान मुलावर. कमरेचं हत्यार कमरेलाच राहतं. गोळीच्या निवडीबद्दल माझं उत्तर हे आहे: या पिकात योग्य गोळी नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. जीव वाचवताना सद्हेतूने झालेला प्रतिकार मात्र गुन्हा धरलेला नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. मग बंदुकीची जागा पिंजऱ्याने घेतली. जुन्नर वन विभागात २००१ पासून धरलेले बिबटे दूर जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले होते आणि ते अधिक जीवघेणेही झाले होते. माझ्या मते या साऱ्या काळातला सर्वांत मोठा धडा तो आहे, आणि तो आपण पुरता घेतलेला नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या बेट भागात, पिंपरखेड परिसरात, काही आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यांत दोन मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. वन विभागाने भुलीच्या बाणाचा प्रयत्न केला, तो साधला नाही, आणि नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तीन अंत्यविधी पाहिलेल्या गावाला थांबा म्हणणं कोणालाही शक्य नव्हतं. पण ती गोळी शिकवलेल्या हातांनी, परवानगीने, पाळतीवर बसून झाडलेली होती. घरोघरच्या परवान्याशी तिची तुलना होत नाही.

गावांना आज जे हवं आहे त्याची यादी शिरूरचा कुठलाही शेतकरी सांगेल. शेतीपंपांना दिवसा वीज, म्हणजे रात्री फडात उतरावं लागणार नाही. वस्तीभोवती उजेड आणि कुंपण, घराला लागून ऊस नको, घराजवळ शौचालय. ऊसतोड टोळ्यांच्या खोपटांना हंगामापुरतं तरी पक्कं दार आणि त्यांच्या मुलांना दिवसभर सांभाळणारी जागा. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो कारखान्यांनी व सरकारने मिळून घालायला हवा. येत्या गळीत हंगामाच्या आधी, मोळी टाकण्याच्या आधी, एवढं तरी झालं पाहिजे.