टाक्याला टाका, वाक्याला दाखला

हिंगणीसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, लोकरीच्या विणकामावर बोलणारी बाई जरा विनोदीच ठरते, हे मला ठाऊक आहे. पण बोर धरणावरून पौषात येणारा वारा ज्यांनी पहाटे अंगावर घेतला असेल, त्यांनी हसू नये. शिवाय आमचा वर्धा जिल्हा पडला सुताचा. धागा आणि हिशेब यांचे नाते इथे नव्याने सांगावे लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीने विकिपीडियावर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या सर्वांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशात, एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-लेखिकेवर मराठी नोंद लिहायला घेतली. मजकूर छान होता. पण जवळजवळ प्रत्येक वाक्याला दाखला होता तो बाईंच्याच घरच्या प्रकाशनसंस्थेचा! मुलाच्या हुशारीबद्दल त्याच्या आईची साक्ष काढावी, त्यातला प्रकार.

"पण मावशी, सगळे खरेच आहे ना?" ती म्हणाली.

खरे होते, वाद नाही. परंतु केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले, त्यामागे केतकरांचे नाव उभे होते. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. विकिपीडियावर कोण लिहितो ते वाचकाला कळणार कसे? तिथे वाक्याला जामीन राहतो तो दाखलाच. तो नसला की कोणीतरी 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून जातो, आणि पुढे नोंदच उडण्याचे भय.

तेव्हा आम्ही दोघी बसलो. बाईंची पद्धत सांगायला बाईंचेच पुस्तक उत्तम; फक्त पानाचा आकडा हवा. १९७१च्या 'निटिंग विदाउट टीअर्स'मध्ये तो हिशेब आहे. इंचाला ५ टाके पडत असतील आणि छातीचा घेर ४० इंच हवा असेल, तर टाके २००. हे झाले शंभर टक्के. मनगटाला त्याचे वीस टक्के, म्हणजे ४०. गळ्याला चाळीस टक्के, म्हणजे ८०. छापील कृतीची गरजच नाही! वाचकभगिनींनी करून पाहावे.

पण 'त्यांनी विणकामात क्रांती केली' हे मात्र परक्याने म्हटले पाहिजे. त्यासाठी न्यूयॉर्क टाइम्सचा १२ डिसेंबर १९९९चा मृत्युलेख मिळाला. लंडनमधला १९१०चा जन्म, विस्कॉन्सिनमधले आयुष्य, हे सारे त्यानेच भक्कम झाले.

एका वाक्यावर आमचे चांगलेच वाजले. दोन सुयांवर विणायच्या गोल दोरीचा 'शोध' बाईंनी लावला, असे भाचीने लिहिले होते. युरोपातली मुले लाकडी रिळावर खिळे ठोकून तशी दोरी कधीचीच विणत होती. बाई स्वतःही शोधाचा दावा करीत नसत. पूर्वी कोणाला तरी हे सुचले असणारच, आपण ते फक्त पुन्हा उकरून काढले, अशा अर्थाचा 'अनव्हेंट' हा शब्दच त्यांनी घडवला. 'शोध लावला' काढून 'प्रचारात आणली' असे केले. भाची दिवसभर घुश्शात!

संध्याकाळी मात्र तिने मला निरुत्तर केले. "मावशी, या बाईंवर अमेरिकेच्या वर्तमानपत्राने लिहिले म्हणून त्या उरल्या. १९६२ साली जवानांसाठी ज्यांनी घरोघर स्वेटर विणले, त्यांच्यातल्या एखादीने नवा नमुना बसवला असेल, तर तिला जामीन कोण?"

खरेच, कोण? कादंबरीवर परीक्षणे येतात. विणकामाच्या पुस्तकावर कोणी लिहिलेले मला तरी आठवत नाही.

मग नागपूरच्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन आम्ही स्त्रियांच्या मासिकांचे बांधीव खंड उघडले. धुळीने शिंका आल्या त्या वेगळ्याच. विणकामाची पाने निघाली: उलट-सुलट टाक्यांच्या कृती, लहान मुलांचे मोजे, आणि एका वेलबुट्टीखाली नुसते 'सौ.' व आडनाव. ना गाव, ना स्वतःचे नाव. कृती मात्र इतकी चोख की मी तिथेच बोटांवर टाके मोजून पाहिले.

भाचीने पानाचा फोटो घेतला, अंक, महिना, वर्ष, पृष्ठ वहीत उतरवले, आणि ग्रंथपालांकडे पुढचा खंड मागितला.