वैमानिकाची वही आणि वनमजुराचा हजेरीपट

निवडणूक आली की आलापल्लीच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर घरघरत जाते. गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके त्यानेच पोहोचवली जातात. खाली बायामाणसे मान वर करून बघतात. त्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या कामाचा तास केव्हा सुरू होतो, हे वाचकांना ठाऊक आहे काय? पाती फिरू लागली की तास सुरू, पाती थांबली की बंद. विमान असेल तर उड्डाणासाठी चाके जागची हलली तेथून मोजायचे, आकाशात झेपावल्यापासून नव्हे. धावपट्टीकडे जाताना रांगेत पंधरा मिनिटे गेली तर तीही वैमानिकाच्याच खात्यात जमा. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आता खाली पाहू. पहाटे शिदोरी बांधून निघालेला आमचा मजूर पाच-सात किलोमीटर तुडवत कूपात पोहोचतो. त्याची चाके घरातूनच हललेली असतात, पण ती पायपीट कोणत्या रकान्यात लिहायची? तसा रकानाच नाही.

१९३७ च्या विमान नियमांत ६७ अ हा नियम आहे. वैमानिकाने स्वतःची वही ठेवली पाहिजे, उड्डाणाचा प्रत्येक तास तीत नोंदवला पाहिजे आणि शेवटच्या नोंदीनंतरही ती किमान पाच वर्षे जपली पाहिजे, असे तो सांगतो. एकट्याने उडवले की प्रशिक्षकाबरोबर, मुख्य म्हणून की सहवैमानिक म्हणून, दिवसा की रात्री, हे सारे वेगवेगळे लिहायचे. कंपनीचे दप्तर निराळे असते. कंपनी बदलली, बुडाली तरी वैमानिकाचे तास त्याच्याबरोबर जातात. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, नोंदी संगणकावरही गेल्या, पण तास ज्याचे त्याच्या नावावर, हे तत्त्व हलले नाही.

या वहीवरच परवाना मिळतो. व्यावसायिक वैमानिकाला किमान २०० तास लागतात. हे तास विकत घ्यावे लागतात, म्हणून पैसेवाल्यांनी न उडताच घेण्याची वाट शोधली. राजस्थानातील सरकारी उड्डाण प्रशिक्षण केंद्रात न झालेल्या उड्डाणांचे तास वहीत चढवल्याचे प्रकरण २०११ साली बाहेर आले आणि देशभरातील प्रशिक्षण संस्थांची तपासणी करावी लागली. आरक्षणाने गुणवत्ता बुडते म्हणून गळा काढणाऱ्यांनी तेव्हा तोंड उघडल्याचे आम्हाला आठवत नाही. असो.

वैमानिकाचे २०० तास, तसे मजुराचे २४० दिवस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर मजुराला संरक्षण होते. नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कपात करता येत नव्हती. महाराष्ट्रातील वनमजुरांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याची ती कामे उद्योगात मोडतात असे ठरवले. वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असेही म्हटले. आमच्या लोकांना वाटले, आता सुटलो! पण २००२ मध्ये कर्नाटकातील एका वनमजुराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर आहे. त्याचे नुसते शपथपत्र पुरेसे नाही. आता सिद्ध करायचे कशाने? हजेरीपट खात्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबाच्या खिशात! २००५ मध्ये न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली. रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते की पगाराची पावती नसते, हे मान्य केले. त्याने साक्ष द्यावी आणि हजेरीपट हजर करण्याची मागणी करावी, असे सांगितले.

अशा मागणीचे अर्ज आम्ही अनेक दिले आहेत. उत्तरे ठरलेली असतात. दप्तराला वाळवी लागली. मुदत संपल्याने नष्ट केले. एका प्रकरणात तर हजेरीपट आला, पण त्यात आमच्या पक्षकाराच्या नावापुढे आंगठा उमटलेला होता आणि पक्षकार सही करणारा निघाला.

याच आलापल्लीच्या सागवानाच्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याचा छाप आणि क्रमांक असतो. तो कोठे तोडला, कोणत्या आगारात आला, कोणी लिलावात घेतला, याची नोंद सापडते. २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी मिरवणुकीने गेले, तेव्हा लाकडाची पूजा झाली. तोडणाऱ्याच्या हजेरीची विचारपूस कोणी केली?

कामाचे तास हा बाबासाहेबांच्या दृष्टीने किरकोळ विषय नव्हता. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असतानाच कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक आले, ते १९४६ साली. पण जंगलाला भिंती नाहीत आणि भोंगाही नाही, त्यामुळे कारखान्याचा तो कायदा कूपापर्यंत आला नाही.

रोजगार हमीत काम पाच किलोमीटरपलीकडे असेल तर दहा टक्के जादा मजुरीची तरतूद २००५ च्या केंद्रीय कायद्यात होती. जॉबकार्ड मजुराच्याच हाती असावे, असाही नियम होता. तरी पुष्कळ ठिकाणी कार्डांचा गठ्ठा दुसऱ्याच्याच घरी सापडे. जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोन फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. ज्या गावांत नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, तेथे फोटो गेला नाही तर घाम गाळूनही दिवस बुडाला. शिवाय मोबाइल मेटच्या हातात. म्हणजे कागद गेला, यंत्र आले, पण लेखणी मजुराकडे आली नाही.

म्हणून आलापल्ली भागातल्या बैठकांत आम्ही आता भाषण थोडे आणि वही जास्त असे धोरण ठेवले आहे. दहा रुपयांची शंभर पानी वही. रकाने सहा: तारीख, कूप किंवा कक्ष क्रमांक, काम काय केले, घरून निघाल्याची वेळ, परत आल्याची वेळ, सोबत्याची सही. मेट सही देत नसेल तर शेजारच्या मजुराची चालेल. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातली शाळेत जाणारी मुलगी संध्याकाळी लिहील. शाईने लिहावे, खाडाखोड करू नये, पान फाडू नये. वही भरली की फेकू नये, पत्र्याच्या पेटीत ठेवावी. कोर्टात ती एकटी पुरेल असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण हजेरीपटाला वाळवी लागल्याचे उत्तर आले की न्यायाधीशांपुढे ठेवायला आमच्या हातात काहीतरी असेल.