वायुवाहिनी पोखरणारे जीवाणू

लोखंड गंजण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात, हे तुम्ही शिकला आहात. मग नैसर्गिक वायूच्या बंद पोलादी नळात, जिथे हवा जवळजवळ नसतेच, गंज कसा चढतो?

१९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबाडजवळ अशी एक वाहिनी फुटली. जवळच तळ ठोकून राहिलेली १२ माणसे दगावली. नळाची भिंत आतून ७२ टक्क्यांपर्यंत झिजली होती. सखल जागी साचलेले पाणी, क्लोराइड व काही वायू यांच्याबरोबर जीवाणूंचाही त्यात हात असावा, असे चौकशीत आढळले.

अशा जीवाणूंपैकी काही ऑक्सिजनवाचून जगतात. ते सल्फेट वापरतात व हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. त्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते आणि नळाला खड्डे पडतात.

त्यांना ओळखायचे कसे? नळातील पाणी पोषक द्रव, सल्फेट व लोहाचा क्षार असलेल्या बंद बाटलीत घालतात. द्रव काळा पडला, की जीवाणू आहेत! पण त्यासाठी कधी चार आठवडे थांबावे लागते. शिवाय पुष्कळ जीवाणू बाटलीत वाढतच नाहीत. म्हणून आता त्यांचा डीएनएही तपासतात.

मात्र जीवाणू सापडले म्हणजे गुन्हा त्यांचाच, असे नव्हे. म्हणून वजन केलेली पोलादी पट्टी नळात ठेवतात. काही महिन्यांनी ती काढून वजनातील घट, खड्डे व तिला चिकटलेला थर पाहतात. पट्टी, पाणी आणि जीवाणू या तिघांची साक्ष जुळली, तरच निकाल द्यावा. एकट्या साक्षीदारावर विसंबून चालत नाही.