गेमिंग लॅपटॉप घेताना आधी विजेचा हिशेब करा

शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. आज या पेठेत आणि शेजारच्या नारायण व सदाशिव पेठांत परगावहून शिकायला आलेली मुले मोठ्या संख्येने राहतात. वाड्यातील एक खोली, तीन-चार कॉट आणि प्रत्येकाच्या उशाशी एक लॅपटॉप, हे इथले नेहमीचे दृश्य आहे. ईदची किंवा परीक्षेनंतरची सुटी लागली की तोच लॅपटॉप पाठीवर टाकून मुले स्वारगेटला एस.टी. पकडतात, नाहीतर पुणे स्टेशनवरून मराठवाड्याकडच्या गाडीत बसतात.

अशा मुलाचा एक दिवस घरी फोन येतो. "अब्बा, अभ्यास होईल, थोडे गेमही खेळता येतील आणि प्रवासात नेता येईल असा लॅपटॉप हवा." अब्बांना यातले काही कळत नसते. दुकानदार सांगतो तो आकडा पाऊण लाखाच्या पुढे, कधी लाखाच्याही पुढे असतो. अनेक घरांत ही रक्कम आखातातील भावाच्या कमाईतून किंवा बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून येते. म्हणूनच ही खरेदी केवळ मुलाच्या हौसेची बाब राहत नाही. ती नीट समजून केली पाहिजे.

या खरेदीत सर्वांत मोठी चूक होते ती एकाच ठिकाणी. सगळे वेग पाहतात, वीज कोणी पाहत नाही. गेमिंग लॅपटॉपची पूर्ण ताकद त्याचा चार्जर भिंतीतील सॉकेटला जोडलेला असतानाच मिळते. त्यामुळे पहिला प्रश्न "कोणता वेगवान?" हा नसून "प्रवासात वीज कुठे मिळणार?" हा आहे.

बॅटरीचा साधा हिशेब

बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-तास या एककात मोजतात. हा आकडा बॅटरीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. या आकड्याला लॅपटॉप वापरत असलेल्या वॉटने भागले की बॅटरी किती वेळ चालेल ते कळते.

समजा, बॅटरी ६० वॉट-तासांची आहे. लिहिणे-वाचणे यासाठी लॅपटॉप साधारण १५ वॉट घेत असेल, तर ती चार तास चालेल. मोठा गेम सुरू केला आणि मागणी ७५ वॉटवर गेली, तर तीच बॅटरी ४८ मिनिटांत संपेल. ९० वॉट-तासांची मोठी बॅटरी घेतली तरी सव्वा तासाच्या आसपासच पल्ला जातो. पुण्याहून मुंबईला जायला डेक्कन क्वीनला सुमारे सव्वातीन तास लागतात. म्हणजे गेम खेळत बसल्यास लोणावळ्याच्या आसपासच बॅटरी मान टाकील.

शिवाय बॅटरीवर चालताना लॅपटॉप स्वतःच आपली ताकद कमी करतो, कारण चार्जरइतकी वीज बॅटरीला एकदम पुरवता येत नाही. दुकानात चार्जर जोडून दाखवलेला गेम गाडीत तसा चालत नाही, याचे कारण हेच. गेमच्या सेटिंगमध्ये प्रति सेकंद चित्रांची मर्यादा ३० किंवा ४० वर आणली आणि स्क्रीनचा उजेड कमी केला, तर बॅटरी बरीच पुरते. दुकानात गेल्यावर चार्जर काढायला लावून गेम पंधरा मिनिटे चालवून पाहावा. यात संकोच करण्याचे कारण नाही.

रेल्वे, एस.टी. आणि विमान

रेल्वेच्या डब्यातील सॉकेट मोबाइल आणि साध्या लॅपटॉपच्या चार्जिंगपुरते असते. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १८० ते ३३० वॉटपर्यंतचा असू शकतो. एवढा भार त्या सॉकेटवर टाकणे योग्य नाही आणि ते आपल्या एकट्याचेही नसते. शिवाय आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात डब्यातील चार्जिंग बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने २०२१ मध्ये जाहीर केला होता. एस.टी.त तर लॅपटॉपपुरती वीज मिळेल असे धरूनच चालू नये.

यावर एक उपाय म्हणजे यूएसबी-सी मार्गाने चार्ज होणारा लॅपटॉप. त्याला ६५ किंवा १०० वॉटचा लहान चार्जर चालतो आणि तो हलका असतो. त्यावर मोठा गेम पूर्ण ताकदीने चालणार नाही, पण अभ्यास होईल आणि बॅटरी भरेल. मात्र लॅपटॉपला यूएसबी-सीचे छिद्र आहे म्हणजे तो त्यातून चार्ज होतोच असे नाही. हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे.

आखातात जाणाऱ्या-येणाऱ्या कुटुंबांनी विमानाचा नियम ध्यानात ठेवावा. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी असलेला लॅपटॉप विनापरवानगी नेता येतो. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. मोठ्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी ९९ वॉट-तासांच्या आसपास येऊन थांबते, ती या नियमामुळेच. पॉवर बँक सामानात टाकता येत नाही, ती हातातील बॅगेतच ठेवावी लागते. वजनही पाहावे. लॅपटॉप अडीच किलो आणि चार्जर पाऊण किलो धरला, तर देशांतर्गत विमानात साधारणपणे मिळणाऱ्या ७ किलोंच्या हातबॅगेतील जवळजवळ निम्मे वजन तिथेच संपते.

ग्राफिक्स कार्ड : नाव एक, ताकद वेगळी

गेममधील चित्रे काढण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. गेमिंग लॅपटॉपच्या किमतीचा मोठा भाग याच कार्डाचा असतो आणि फसगतही इथेच होते. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचे कार्ड घ्या. कंपनीच्याच माहितीनुसार ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येते. पातळ लॅपटॉपमधील कार्ड आणि जाड लॅपटॉपमधील कार्ड यांचे नाव एकच, पण कामात मोठे अंतर. म्हणून "४०६० आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. "किती वॉटचे?" असे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही, तर कंपनीच्या माहितीपत्रकात ते शोधून घ्यावे.

जो खूप फिरतो त्याला मात्र कमी वॉटचे कार्डच सोयीचे पडते, कारण ते कमी तापते आणि लॅपटॉप हलका राहतो. जो वर्षातून दोनदाच गावी जातो, त्याने जाड आणि जास्त वॉटचा लॅपटॉप घ्यायला हरकत नाही.

रॅम १६ जीबी असावी आणि शक्यतो दोन पट्ट्यांत विभागलेली असावी, त्याने वेग वाढतो. पुढे रॅम वाढवता येते की ती आतच पक्की बसवलेली आहे, हेही विचारावे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती वाढल्या आहेत, त्यामुळे "नंतर टाकू" हा विचार महागात पडू शकतो. आजकाल एकेक मोठा गेम १०० जीबीपेक्षाही जास्त जागा घेतो, त्यामुळे ५१२ जीबीची एसएसडी लवकर भरते. एसएसडीसाठी दुसरी मोकळी जागा असेल तर उत्तम.

उष्णता आणि वाड्यातील अर्थिंग

गेमिंग लॅपटॉप खालच्या बाजूने हवा ओढतो. गादीवर किंवा रजईवर ठेवला की जाळी बंद होते, आतील भाग तापतात आणि वेग आपोआप घटतो. कॉटवर बसून वापरायचा असेल तर खाली लाकडी पाट ठेवावा. वर्षातून एकदा पंख्यातील धूळ जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी.

पेठांतील जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण आहे. अनेक ठिकाणी वायरिंग जुने असून अर्थिंग धड नसते. अशा सॉकेटला चार्जर लावला की लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागताच झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि चार्जरची तिसरी पिन कधीही काढून टाकू नये.

महागड्या लॅपटॉपला पर्याय

प्रत्येकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड हवेच असे नाही. २०२३ पासून आलेल्या एएमडी व इंटेलच्या काही प्रोसेसरांत आतले ग्राफिक्सच इतके सुधारले आहे की क्रिकेट, फुटबॉल आणि थोडे जुने गेम मध्यम सेटिंगवर व्यवस्थित चालतात. असा लॅपटॉप दीड किलोच्या आसपास मिळतो आणि बॅटरीही जास्त पुरते. ज्याचा मुख्य हेतू अभ्यास आहे, त्याच्यासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे.

हातात धरून खेळायची यंत्रेही आता मिळतात. उदा. असूस कंपनीचे आरओजी अ‍ॅलाय हे २०२३ मध्ये आले. त्याची बॅटरी ४० वॉट-तासांची असली तरी मागणी कमी ठेवता येते. ती २० वॉटवर ठेवली तर दोन तास मिळतात. पण त्यावर प्रकल्पाचा अहवाल लिहिणे सोयीचे नाही, हे विसरू नये.

याउलट काही मुलांना गेम खेळण्यापेक्षा ते तयार करण्यात रस असतो. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने अनरियल इंजिन वापरून बनवलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर विक्रीस गेला. असे काम शिकणाऱ्या मुलासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड हे सुताराच्या रंध्यासारखे कमाईचे हत्यार आहे. तिथे जास्त पैसे घालणे ही उधळपट्टी नव्हे.

पैसे कसे द्यावेत?

दुकानात "विनाखर्च हप्ते" अशी पाटी दिसते. यात बहुधा बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम सुरुवातीला सवलत म्हणून वजा करून दाखवतात. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क लागते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी कागद नीट वाचावा आणि शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावे. घरच्यांनी किंवा मित्रांनी मिळून चालवलेली बिनव्याजी भिशी हा यावरचा जुना आणि स्वच्छ मार्ग आहे. सहा महिने थांबून रोखीने घेतलेला लॅपटॉप डोक्यावर ओझे ठेवत नाही.

पक्के बिल आणि वॉरंटीची नोंद घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर त्याची वजावट मिळते. मात्र मुलाच्या खेळासाठी घेतलेला लॅपटॉप धंद्याच्या नावावर दाखवणे प्रामाणिकपणाचे नाही.

जुना लॅपटॉप घेणाऱ्याने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांचा आकडा मागावा. विंडोजमध्ये हा अहवाल एका आज्ञेत निघतो. क्षमता निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवावा. बिजागरी, पंख्याचा आवाज आणि तासभर गेम चालवल्यावरची स्थितीही तपासावी. जुना माल विकणाऱ्या बंधूंनाही एक आठवण द्यावीशी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड केला आणि दोष झाकून विकणाऱ्याला समज दिली, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. थकलेली बॅटरी लपवून विकलेला लॅपटॉप म्हणजे आजचे ओले धान्यच होय.

शेवटचे पण महत्त्वाचे

निघण्यापूर्वी गेम खोलीवरच उतरवून ठेवावेत आणि ते इंटरनेटशिवाय उघडतात का, हे एकदा पाहून घ्यावे. पालकांनी मुलगा कोणते गेम खेळतो याचीही चौकशी करावी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. जुगार आपल्याकडे आधीपासूनच निषिद्ध आहे, आता तो कायद्यानेही अडवला आहे.

अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला जाताना आपण यादी नेतो. लॅपटॉपच्या दुकानात जातानाही एक कागद न्यावा. वर्षातून किती दिवस प्रवास होतो, त्या वाटेवर वीज कुठे मिळते, किती वजन पाठीला पेलते आणि रोख किती आहे, ही चार उत्तरे त्यावर अब्बा आणि मुलाने एकत्र बसून लिहावीत. ती समोर असली की कोणता लॅपटॉप आपल्या उपयोगाचा नाही, हे दुकानदाराने सांगण्याआधीच कळते.