देवाला हिट पॉइंट किती?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अर्नाळ्याच्या घराच्या ओट्यावर माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत बसले होते. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा असला, तरी चालतो तो बोलण्यावर. एक जण गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि पात्राचा डाव साधला की फसला हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. भाच्याचं पात्र होतं 'क्लेरिक', म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरणारा, भुतांना पिटाळणारा लढाऊ पुजारी. कागदावर 'दैवत' असा रकाना होता. त्याने लिहिलं : कालिका.

माझ्या आईने ते वाचलं आणि एवढंच म्हणाली, "तिला फाशाला लावू नका रे." समोरच्या बेटावर, किल्ल्याजवळ, कालिकामातेचं देऊळ आहे. किनाऱ्यावरून होडीत बसलं की थोड्याच वेळात तिथे पोहोचतो. मुलांनी मुकाट्याने नाव खोडलं. मला मात्र ते खोडणं डाचत राहिलं, आणि मी या खेळाची जुनी पुस्तकं चाळायला बसलो.

क्लेरिकचा जन्म मोठा गमतीचा आहे. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्ह अर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवत असे. त्यात एका खेळाडूचा रक्तपिपासू 'सर फँग' कुणालाच आवरेना. तेव्हा त्याला उतारा म्हणून माइक कार याचा पुजारी पटावर आला. नमुना होता हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांमधल्या व्हॅन हेल्सिंगचा. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांनी खेळ छापला तेव्हा योद्धा, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच वर्ग होते. क्लेरिकने धारदार शस्त्र वापरायचं नाही, गदाच वापरायची. धर्मपुरुषाने रक्त सांडू नये, या मध्ययुगीन युरोपीय समजुतीची ही सावली. साहित्याच्या यादीत क्रूसही होता. थोडक्यात, अंगरखा ख्रिस्ती. पण त्या पहिल्या पुस्तकांत क्लेरिकच्या देवाचं नाव कुठेच नाही. पुजारी आधी आला, देव मागून.

देव आले ते आकडे घेऊन. 1980 साली जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' निघालं. त्यात भारतीय देवांचं स्वतंत्र प्रकरण आहे : इंद्र, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी आणि काली. प्रत्येकाचे हिट पॉइंट दिलेले, म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो पडेल त्याचा हिशेब. झ्यूस आणि ओडिन यांना 400. आकडा दिला की पोरं तो शून्यावर आणायला बघणारच. पहिल्या आवृत्तीत लव्हक्राफ्टचा कथुलू आणि मूरकॉकच्या कादंबऱ्यांतली दैवतंही होती. त्यांच्यावरच्या खेळांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने ती लवकरच गळली. कालीचे हक्क कुणाकडेच नव्हते, ती राहिली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तिकेत मात्र ग्रीक, इजिप्ती, नॉर्स आणि केल्टिक एवढीच खऱ्या जगातली दैवतं आहेत. जिथे आजही रोज घंटा वाजते, ते देव वगळलेले दिसतात. मला हे बरं वाटतं.

तरी माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. हिरण्यकशिपूचा वर बघा : घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. वकिलाने मसुदा करावा तशी कलमं! नियमांतून पळवाट काढणं आपल्या पुराणांना परकं नाही. बिनसतं ते दुसरीकडे. खेळात, निदान जुन्या आवृत्त्यांत, क्लेरिकचं वागणं देवाच्या स्वभावाशी जुळावं लागतं, नाही तर शक्ती काढून घेतली जाते. आपल्याकडे तप केलं की वर मिळतो, मागणारा कसाही असो. भस्मासुराला शंकराने चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता.

त्याहून मोठा फरक कारभाराच्या वाटणीचा. खेळातल्या देवांना खाती असतात : युद्ध, प्रकाश, वादळ, ज्ञान. आपल्या ग्रामदैवताला खातं नसतं, शीव असते. शिवेच्या आत पाऊस, पटकी, हरवलेली म्हैस, सगळं त्याच्याकडे. शिवेपलीकडे दुसऱ्याचा अंमल, तिथे नारळ ठेवून मग पुढे जायचं. अर्नाळ्याच्या किल्ल्यात त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे, पिरांची थडगीही आहेत. खात्यांच्या तक्त्यात हे सगळं कुठे बसवणार?

राहता राहिला फासा. दक्षिण कोकणात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला फुलं किंवा कळे चिकटवतो, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पाचव्या आवृत्तीतला दहाव्या पातळीचा क्लेरिक देवाला थेट हाक मारतो तेव्हा शंभरातला फासा टाकतो. दहा किंवा खाली आलं तर देव धावतो. वरवर गोष्ट एकच. पण त्या टेबलावर प्रत्येकाला ठाऊक असतं की शक्यता दहा टक्के आहे. गाभाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला टक्के सांगून पाहा! आईला मी हे समजावलं, तर ती म्हणाली, "कौल देव देतो. फासा तुम्ही टाकता."

यंदा मुलांनी स्वतःचाच नियम केला. देवीला नाव नाही, आकडा नाही, खातं नाही, फक्त शीव. क्लेरिकची शक्ती गावाच्या हद्दीत चालते, पुढच्या गावात तिथल्या देवाला नारळ दिल्याशिवाय चालत नाही. पिशवीत नारळ दोनच घेतले होते. तिसऱ्या गावाच्या वेशीवर वेताळ उभा राहिला, तेव्हा चौघे एकमेकांची तोंडं बघत होते.