मुलांच्या रक्तवाहिन्यांना इजा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात मुळशीत जांभळं पिकू लागली की सुटीतली पोरं झाडावर चढतात, आणि जांभळाची फांदी ठिसूळ. पुढे भातकापणीत विळा लागतो, पौड रस्त्यावर दुचाकी घसरते. अशा अपघातात रक्तवाहिनीही दुखावू शकते. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. ताम्हिणीकडच्या वाडीवरून पुणे गाठायचं, तर यातला प्रत्येक तास मोलाचा.

गैरसमज: रक्त आलं नाही, म्हणजे नस शाबूत आहे.

वस्तुस्थिती: हात टेकून पडलेल्या मुलाचं दंडाचं हाड अनेकदा कोपराच्या जरा वर मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. हाडाचं टोक पुढून जाणाऱ्या धमनीला दाबतं किंवा फाडतं. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. म्हणून बोटं पाहा. ती पांढरी, गार, बधिर आहेत का? नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. परतला तरी निर्धास्त राहू नका. मुख्य धमनी बंद असूनही आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांमुळे हात गुलाबी दिसू शकतो. मनगटाची नाडी डॉक्टरांनीच तपासावी. पुष्कळदा हाड जागेवर बसवताच नाडी परत लागते. हात गारच राहिला, तर धमनीचं ऑपरेशन करावं लागतं.

गैरसमज: हाडवैद्याकडून घट्ट पट्टी बांधून घेतली की झालं.

वस्तुस्थिती: आत सूज वाढत जाते, पट्टी मात्र सैल होत नाही. दाब वाढून स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे दुखणं वर्णिलं होतं. बोट हळूच सरळ करतानाही मूल किंचाळत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

गैरसमज: वाहत्या जखमेत हळद किंवा चहापूड भरावी, वर सुतळी आवळावी.

वस्तुस्थिती: पुडीने धमनीचं रक्त थांबत नाही, जखम मात्र घाण होते. सुतळी कातडीत रुतते. स्वच्छ कापड ठेवून तळहाताने जोरात दाबा. दहा मिनिटं उचलून पाहू नका. तरीही रक्त थांबलं नाही, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळा आणि वेळ लिहून ठेवा.

गैरसमज: पोरगं बोलतंय, म्हणजे फार रक्त गेलेलं नाही.

वस्तुस्थिती: वीस किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम दीड लिटर रक्त असतं. त्यातला पाव हिस्सा गेला तरी रक्तदाब टिकून राहू शकतो, मग अचानक कोसळतो. वाढलेले ठोके, गार हातपाय आणि सुस्ती ही आधीची खूण.

गैरसमज: रस्त्यावरच्या जखमी मुलाला उचललं, तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

तेव्हा 108 ला फोन करा, मोडलेला हात आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवा आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून मुलाला खायला-प्यायला देऊ नका. रुग्णालयात पोहोचताच आधी एवढंच विचारा: “नाडी लागतेय का?”